काचेपासून कार्डापर्यंत
इंदूरला बांधकाम खात्यात नोकरी करताना लाला दीनदयाळांनी १८७४ च्या सुमारास कॅमेरा हाती घेतला. तेव्हा छायाचित्र काचेवर उमटे. पुढे फिल्म आली. रोलमध्ये फोटो छत्तीसच, म्हणून व्यावसायिक छायाचित्रकार आधी प्रकाश मोजी, मगच बटण दाबी. चूक रोल धुतल्यावर कळे. डिजिटलमध्ये चूक तत्क्षणी दिसते, पण एका लग्नाच्या हजारो फोटोंतली निवड आणि रंगदुरुस्ती नंतर संगणकावर करावी लागते. कष्ट सरले नाहीत, त्यांची जागा बदलली.

जपणुकीत मात्र मोठा फरक आहे. दीनदयाळांच्या काचा शंभर वर्षांनंतरही दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात सुरक्षित आहेत. हार्डडिस्क एकाएकी बंद पडू शकते. म्हणून घरच्या कार्याच्या फोटोंच्या प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात, निवडक फोटो कागदावर छापून घ्यावेत.