करवीर राजधानी : आधी पायी, मग नावेतून

स्टॉकहोम वा कोपनहेगन यांसारखी उत्तरेकडील राजधानी पाहावयास गेलेल्या प्रवाशास तेथील मंडळी बहुधा आधी नावेत बसवितात, आणि त्यात तथ्य आहे. स्टॉकहोम वसले चौदा बेटांवर, मेलारेन सरोवराचे गोडे पाणी बाल्टिक समुद्रास मिळते त्या मुखाशी. कोपनहेगनचा न्यूहाउन कालवा तर व्यापारी गलबते थेट भर वस्तीत यावीत म्हणूनच सतराव्या शतकात खोदला गेला. ज्या नगरांची दौलत पाण्यावरून आली त्यांनी आपले वाडे आणि वखारी पाण्याकडे तोंड करून उभारल्या, यात नवल नाही. आमच्या कोल्हापुरासही तळे आहे, नदी आहे, राजवाडे आहेत, आणि १७८२ साली पन्हाळ्याहून गादी येथे आल्यापासून १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत राजधानीचा मानही होता. परंतु या राजधानीचे तोंड पाण्याकडे नसून अंबाबाईकडे आहे, आणि म्हणून येथे नावेची पाळी पायांनंतर येते.

प्रारंभ भवानी मंडपापासून करावा. नगारखान्याच्या कमानीखालून रहदारी अखंड वाहते, आणि जुन्या राजवाड्यापासून देवीचे मंदिर इतके जवळ की दरबार आणि देऊळ यांना एकमेकांची घंटा-नौबत सहज ऐकू जात असावी. मंदिराचे महाद्वार पश्चिमेस आहे. जानेवारीअखेरीस आणि नोव्हेंबरात मावळतीचे किरण त्या द्वारातून, गरुड मंडपातून सरकत गाभाऱ्यात शिरतात आणि पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीवर, तिसऱ्या दिवशी मुखावर पडतात; यासच किरणोत्सव म्हणतात. निदान तशी अपेक्षा असते. वाटेत ढग येतो, धूळ येते, आणि महाद्वार रोडवरील एखाद्या इमारतीचा वरचा मजलाही येतो. सूर्याच्या वाटेतील अतिक्रमणाची चर्चा ज्या गावात गांभीर्याने होते, असे दुसरे गाव मला तरी ठाऊक नाही.

गुजरीतील सराफी पेढ्या आणि करकर वाजणाऱ्या पायताणांची चप्पल लाईन ओलांडून खासबागेत यावे. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त विलायतेस गेलेल्या शाहू महाराजांनी त्या प्रवासात रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिले, आणि १९१२ साली तशाच उतरत्या बैठकीचे कुस्तीचे मैदान आपल्या रयतेसाठी सिद्ध केले. त्यास लागूनच उभारलेले नाट्यगृह, ज्यास पुढे केशवराव भोसले यांचे नाव मिळाले, ऑगस्ट २०२४ मध्ये आगीच्या भक्ष्यस्थानी पडले.

पंचगंगेच्या घाटावर राजघराण्याच्या समाध्या आहेत. एका छत्रपतींची छत्री पाहावयास मात्र इटलीस जावे लागते. जेमतेम विशीतले दुसरे राजाराम महाराज १८७० साली विलायतेहून परतताना फ्लॉरेन्स येथे निवर्तले, आणि त्यांचे दहन तेथील आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर झाले. नदी परकी असली तरी संगम मिळाला, एवढेच समाधान. तेथील छत्रीचा आराखडा करणारे चार्ल्स मँट हेच पुढे कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचे स्थापत्यकार झाले. १८८४ साली तो पुरा होण्याआधीच तेही गेले. घाटालगतच्या ब्रह्मपुरी टेकडीने तर याहून अद्भुत ठेवा दिला: रोमन साम्राज्याशी व्यापार चालू असताना येथवर पोहोचलेली, समुद्रदेव पोसायडनची वीतभर कांस्यमूर्ती. टाऊन हॉलमधील संग्रहालयात ती पाहताना मौज वाटते, कारण समुद्रास आणि आपणांस वेगळे करणारा सह्याद्री मध्ये उभा आहे.

एवढी पायपीट झाली म्हणजे रंकाळ्यावर जाऊन नावेत बसावे. हे तळे मूळचे दगडाची खाण, आणि भूकंपाने भूगर्भातील पाणी वर येऊन ती भरली, अशी आख्यायिका आहे. पाण्यातून पाहता पलीकडच्या काठावर १९३४ साली पुऱ्या झालेल्या शालिनी पॅलेसचा मनोरा उठून दिसतो, आणि काळ्या दगडाचा संध्यामठ पाण्याच्या पातळीप्रमाणे कधी कमरेइतका, कधी खांद्यापर्यंत बुडालेला आढळतो. शहर मात्र पाठमोरे बसलेले असते. केवळ नावेतूनच कोल्हापूर पाहून परतणारा पाहुणा त्याची पाठच पाहून परततो.

नदीवरील नावेचा संबंध सहलीपेक्षा गरजेशी अधिक. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेले की इशारा आणि ४३ फुटांवर गेले की धोका, हे गणित येथील शाळकरी पोरासही पाठ असते. आणि पूर चढला म्हणजे नदीकाठच्या गावांत, एरवी गुऱ्हाळात उसाचा रस आटवणारी लोखंडी काहीलच माणसे पैलतीरी नेऊ लागते. सबब परगावच्या पाहुण्याने पावसाळा टाळून नोव्हेंबरात, ९ ते ११ तारखांच्या सुमारास यावे, म्हणजे किरणोत्सवही साधतो. सायंकाळ मंदिरात खर्ची पडली तर नौकाविहार दुसऱ्या दिवशी ठेवावा.