बाल्कनीतलं सागवान आणि ‘वॉटरप्रूफ’ची भूल

दिवाणखाना आणि बाल्कनी यांच्यामधली भिंत पाडायची, सरकती काच बसवायची आणि दोन्हीकडे एकाच घाटाचं फर्निचर मांडायचं, ही टूम शहरी फ्लॅटमध्ये चांगलीच रुळली आहे. ती परदेशातून आली, हा पहिला गैरसमज. कोकणातल्या पडवीतला झोपाळा काय किंवा गोव्यातल्या घरांच्या दाराशी बांधलेली बल्कांवची बाकं काय, दोन्हींची जागा धड आतही नाही आणि बाहेरही नाही. फक्त पडवीवर उतरतं छप्पर असे आणि पावसाळ्यात झडीच्या बाजूने झापं लावली जात. फ्लॅटमध्ये काच सरकवली की झड थेट सोफ्यावर.

मग कुणीतरी सांगतं, ‘मरीन प्लाय वापरा, काही होत नाही.’ मरीन प्लायसाठी आयएस ७१० हे भारतीय मानक आहे आणि त्यात नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून पाहतात. ऐकायला भक्कम वाटतं. पण कस लागतो तो पदर चिकटवणाऱ्या गोंदाचा. पदर सुटले नाहीत, म्हणजे लाकूड पाणी पीतच नाही असं होत नाही. कापलेली कड उघडी राहिली तर तिथून पाणी शिरतं, कड फुगते, वरचा सनमायका सुटायला लागतो. ऊन-पावसात उभ्या राहणाऱ्या कपाटाला मरीन प्लाय वापरायचाच, तर प्रत्येक कड आणि प्रत्येक स्क्रूचं भोक बंद करून घ्या. सुतार कंटाळा करतो तो नेमका इथेच.

सागवानाबद्दल तर भाबडेपणाच फार. बाहेर ठेवलेली सागवानी खुर्ची करडी पडली की लोक हळहळतात, ‘सडली.’ सडलेली नसते. उन्हातल्या अतिनील किरणांनी वरच्या पातळ थरातलं लिग्निन मोडतं, पाऊस ते धुऊन नेतो आणि रंग उतरतो. आतलं लाकूड ठणठणीत असतं. सड हे बुरशीचं काम. तिला ओल लागते. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशी सहसा वाढत नाही. रंग टिकवायला ‘टीक ऑइल’ चोळतात, त्यातही गंमत आहे. त्या डब्यात बहुधा जवसाचं किंवा टुंगचं तेल आणि थिनर असतं, सागाचं तेल नव्हे. जवसाच्या तेलावर दमट हवेत काळी बुरशी आनंदाने वाढते.

आणि सगळं सागवान सारखंही नाही. टिकाऊपणा गाभ्याच्या लाकडाचा. कडेचा पांढरा भाग पावसात साध्या लाकडासारखाच जातो. पॉलिशखाली तो दिसत नाही, म्हणून माल पॉलिशआधी बघावा.

‘स्टेनलेस स्टील गंजत नाही’ हेही अर्धसत्यच. नेहमी मिळणाऱ्या ३०४ जातीवर समुद्राच्या खाऱ्या हवेने तांबूस डाग पडतात. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, ते क्षारांना जास्त दाद देत नाही. अलिबाग-रत्नागिरीकडे झोपाळ्याच्या कड्या घेताना जात विचारावी आणि डाग पडण्याआधी कड्या गोड्या पाण्याने धुवाव्यात.

वेताचं सांगायचं तर अस्सल वेत छपराखालचा. उघड्यावर चालतो तो पॉलिथिलीनचा, वेतासारखा दिसणारा.

राहिला पावसाळ्यात फर्निचर प्लॅस्टिकमध्ये करकचून बांधण्याचा रिवाज. आत अडकलेली वाफ तिथेच थेंब होऊन बसते आणि चार महिन्यांनी आवरण काढलं की काळे ठिपके हजर. लाकडाला पाणी लागलं तर चालतं, ते साचून राहता कामा नये. म्हणून बैठकीच्या पट्ट्यांमध्ये बोटभर फट ठेवायची आणि टेबलाला किंचित उतार द्यायचा. सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे खुर्चीच्या पायाचं खालचं तोंड. तिथे तंतू उघडे असतात आणि ते फरशीवरचं पाणी वर ओढून घेतात. पाय खालून सीलरने बंद करून त्याला नायलॉनची चकती ठोकली, की लाकूड ओल्या फरशीपासून सुटतं. हे काम खुर्ची उलटी करून अर्ध्या तासात होतं आणि महागड्या पॉलिशपेक्षा जास्त उपयोगी पडतं.