सेलूच्या उन्हावरचं वरण

कापसाचा शेवटचा वेचा झाला की वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात पऱ्हाटी उपटायला सुरुवात होते. पऱ्हाटीचे भारे बंडीतून घरी येतात आणि मागच्या अंगणात रचले जातात. शेजारी तुरीचं खळं झाल्यावर उरलेली तुऱ्हाटी असते. न्हाणीचं पाणी वर्षभर यावरच तापतं, पाहुणे आले की मोठ्या गंजातला भात यावरच शिजतो आणि सिलिंडर लांबलं तर रोजचा स्वयंपाकही यावरच होतो. सौरचुलीबद्दल लिहायचं तर सुरुवात इथून केलेली बरी. आमच्याकडे तिची गाठ नुसत्या गॅसशी नाही. फुकट मिळणाऱ्या आणि पाहिजे तेव्हा पेटणाऱ्या या भाऱ्यांशीही आहे. माहितीपत्रकांत मात्र फक्त ऊनच फुकट असतं.

उन्हाला आमच्याकडे तोटा नाही, हे खरंच. पण "मे महिन्यात तर दहा मिनिटांत शिजत असेल नं?" हा ज्याच्या त्याच्या तोंडी असलेला प्रश्न चुकीचा आहे. हवा ४६ अंशांवर गेली म्हणून डाळ शिजत नाही. डाळ शिजते ती काचेतून आत शिरलेल्या प्रकाशावर. निरभ्र दुपारी एक चौरस मीटर जागेवर साधारण १००० वॅटएवढा प्रकाश पडतो, आणि तो मे महिन्याच्या धुरकट, धुळीने भरलेल्या आभाळापेक्षा पावसानं धुतलेल्या आभाळातून कितीतरी स्वच्छ मिळतो. सेलू २०.८ उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात इथं भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तोच सूर्य दुपारीही ४६ अंशांच्या वर चढत नाही. दिवाळीच्या सुमारास तो ५३-५४ अंशांवर असतो. खाली आलेला सूर्य पेटीवरच्या आरशाला सोयीचा पडतो, त्यामुळे थंडीतही काम अडत नाही. दिवाळीपासून होळीपर्यंतचे दिवस सौरचुलीचे सर्वांत भरवशाचे. मृग लागला की पेटी झाकून ठेवायची ती थेट सप्टेंबरअखेरपर्यंत.

आणखी एक बारीक गोष्ट. आपलं घड्याळ ८२.५ पूर्व रेखांशावर लावलेलं आहे आणि सेलू त्याच्या पावणेचार अंश पश्चिमेला. त्यामुळे इथली खरी दुपार घड्याळाच्या सरासरी पंधरा मिनिटं मागे असते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती बाराच्या ठोक्याला येते, फेब्रुवारीच्या मध्यात साडेबाराला. म्हणून दिवाळीत दहाला लावलेली डाळ फेब्रुवारीत साडेदहाला लावली तरी चालते.

पेटी म्हणजे तरी काय? बाहेरून पत्र्याची किंवा फायबरची सुटकेस, आत काळा रंग दिलेलं ॲल्युमिनियमचं घमेलं, दोन्हींच्या मध्ये काचलोकर. वर एकावर एक दोन काचा, त्यांच्या कडेनं रबराची पट्टी आणि झाकणाच्या आतल्या बाजूला आरसा. काच प्रकाश आत सोडते, काळा पत्रा त्याची उष्णता करतो, आणि ती उष्णता काचेतून सहजासहजी परत जात नाही. रिकामी पेटी चांगल्या उन्हात १२० अंशांच्या पुढे जाते, अन्न ठेवलं की १०० अंशांच्या आसपास स्थिरावते. सगळी करामत एवढीच. जिनिव्हाच्या होरेस द सोस्यूर या शास्त्रज्ञानं १७६७ मध्ये काचेच्या पेट्या एकात एक ठेवून हेच करून पाहिलं होतं.

महाराष्ट्रात याची सुरुवात मुंबईला झाली, तीही ज्याच्याकडून अपेक्षा करणार नाही अशा माणसाकडून. विल्यम ॲडम्स हा मुंबई हायकोर्टात डेप्युटी रजिस्ट्रार होता. कोर्टाच्या कागदांतून उठून तो आरसे जुळवत बसे. लाकडी सांगाड्याला आतून साध्या आरशाच्या पट्ट्या लावून त्यानं अष्टकोनी नरसाळं केलं आणि मध्ये काचेच्या झाकणाखाली तांब्याचं भांडं ठेवलं. जानेवारीत, म्हणजे मुंबईच्या सर्वांत थंड महिन्यात, त्यावर सात सैनिकांचं मांस आणि भाज्या दोन तासांत शिजल्या, अशी नोंद आहे. नेहमीपेक्षा चव चांगली होती, असंही सैनिकांनी सांगितलं म्हणे. उष्ण देशांत सूर्याची उष्णता इंधनाऐवजी कशी वापरता येईल, यावर त्याचं पुस्तक १८७८ मध्ये मुंबईतच छापलं गेलं. जंगलं तुटतात, इंधन महागतं, हीच त्याचीही तक्रार होती. पुस्तक राहिलं, नरसाळं राहिलं नाही.

पुढे १९५० च्या दशकात दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेनं परातीसारखी अंतर्वक्र सौरचूल काढली. तिची प्रसिद्धी खूप झाली, खप झाला नाही. बाईनं भर उन्हात उभं राहायचं, पंधरा-वीस मिनिटांनी परात फिरवायची, डोळ्यांवर तिरीप घ्यायची, आणि वर पैसेही मोजायचे. गोवऱ्या फुकट असताना हे कोण करणार? मग १९८० च्या दशकात पेटी कुकर आला. सरकारी अनुदानही होतं. मध्यमवर्गाच्या गच्च्यांवर तो दिसू लागला, काही वर्षांनी माळ्यावर गेला.

सेलूपासून वीसेक किलोमीटरवर, पवनारवरून पुढे गेलं की वर्धा. चुलीचा विचार देशात फार आधी ज्या ठिकाणी नेटानं झाला, त्यात वर्ध्याची मगनवाडी येते. १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि गांधीवादी अर्थतज्ज्ञ कुमारप्पांच्या देखरेखीखाली मगनवाडीत घाणी, हातकागद, मधमाश्या यांच्याबरोबर चूल आणि दिवाही अभ्यासाचा विषय झाला. वनस्पती तेलावर जळणारा मगनदीप इथला, बिनधुराची मगन चूलही इथलीच. मगन संग्रहालयाचं उद्घाटन गांधीजींनी १९३८ च्या डिसेंबरात केलं. त्याच आवारात आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगीकरण संस्था आहे आणि तिच्यात ग्रामीण ऊर्जेचा स्वतंत्र विभाग आहे. मगन चुलीच्या मागचा विचार मला सौरचुलीपेक्षा महत्त्वाचा वाटतो. त्या लोकांनी आधी बाईच्या डोळ्यातला धूर पाहिला, मग चुलीचा आकार ठरवला. सौरपेटी बनवणाऱ्यांनी आधी सूर्य पाहिला. बाई दुपारी बारा वाजता घरी असते का, हे विचारायचं राहिलं.

सेलूत ती घरी नसते. कापूस वेचणीचे दिवस ऑक्टोबर ते फेब्रुवारी, म्हणजे नेमके पेटीच्या उन्हाचे. सकाळी आठ-नऊला शिदोरी बांधून ती वावराच्या वाटेला लागलेली असते. घरात म्हातारी माणसं आणि शाळेतून यायची पोरं. मुख्य जेवण रात्री, आणि रात्री पेटी थंड. अडचण उन्हाची नाही, जेवणाच्या वेळेची आहे. सौरचुलीच्या अपयशाची बाकीची सगळी कारणं मला याच्यापुढे दुय्यम वाटतात.

जिथं माणसं दुपारीच जेवतात तिथं काय होतं, हे शिर्डीला पाहावं. साई संस्थानच्या प्रसादालयावर २००९ पासून प्रत्येकी १६ चौरस मीटरच्या ७३ परावर्तक तबकड्या बसवल्या आहेत. वोल्फगांग शेफ्लर या शास्त्रज्ञाच्या रचनेच्या या तबकड्या सूर्याबरोबर फिरतात आणि प्रकाश एकाच जागी टाकत राहतात. त्यातून वाफ होते, आणि ती वाफ खाली मोठमोठ्या भांड्यांतला भात-वरण शिजवते. आभाळ भरून आलं तर नेहमीचा बॉयलर आहेच. तिथं कोणी बाई उन्हात उभी नाही, आणि पंगत दुपारीच बसते. धुळ्याचे प्रा. अजय चांडक यांनी शाळा-वसतिगृहांसाठी चौकोनी अंतर्वक्र सौरचुली तयार केल्या, त्यामागेही हेच गणित आहे. शाळेची खिचडी दुपारीच लागते.

घरच्या पेटीचं मग करायचं काय? रात्रीच्या जेवणाचा अर्धा भाग दुपारी करून ठेवायचा. मराठी स्वयंपाकाला हे जड नाही. आपण वरण साधं शिजवून ठेवतो आणि जेवायच्या वेळी फोडणी देतो. तूरडाळ धुऊन तासभर भिजवायची, हळद-हिंग घालायचं, डाळीच्या अडीचपट पाणी, मीठ नंतर. तांदळाला दुप्पट पाण्याची गरज नाही, दीडपट-पावणेदोनपट पुरतं, कारण वाफ बाहेर जात नाही. भांडी बाहेरून काळी हवीत, झाकणंही काळी. साडेनऊला रिकामी पेटी उन्हात ठेवायची, दहाला भांडी आत. साडेबाराला काच धुक्यानं भरलेली दिसते आणि कडेच्या रबरातून वरणाचा वास येतो. तोपर्यंत उघडून पाहायचं नाही. एकदा उघडलं की पंधरा मिनिटं गेलीच. भांडं काढताना सांडशी हवीच, ते चुलीवरच्या भांड्याइतकंच पोळतं.

घरी म्हातारी माणसंच असतील तर नऊला पेटीचं तोंड सरळ दक्षिणेला करून निघून जावं. सूर्य समोरून जाईल तेव्हा शिजेल, करपणार काहीच नाही. मात्र शिजलेलं वरण कोमट पेटीत संध्याकाळपर्यंत तसंच ठेवू नये. ते खणखणीत गरम असतानाच झाकणासकट गोधडीत गुंडाळावं किंवा हॉटपॉटमध्ये काढावं, आणि रात्री फोडणी देताना चांगली खळखळून उकळी आणावी. उन्हाळ्यात तर हे चुकवूच नये.

आमच्या भागातली एक खास अडचण पाण्याची. बोअरच्या क्षारांच्या पाण्यात तूरडाळ दाणेदार राहते, प्रेशर कुकरमध्येसुद्धा. पेटीत दाब नसतो, त्यामुळे ती जास्तच रुसते. डाळीपुरतं तरी फिल्टरचं किंवा पावसाचं साठवलेलं पाणी घ्यावं. सोडा टाकण्यापेक्षा ते बरं.

रताळी, अंडी, बीट, भिजवलेली मटकी, हरभरे पेटीत उत्तम होतात. वर सांभार, म्हणजे कोथिंबीर, पेरून गोळाभात करून पाहावा. बेसनाचे गोळे भाताच्या वाफेवर इतके मऊ शिजतात की गॅसवरचे तसे होत नाहीत, असं माझं मत. शेंगदाणे दीड-दोन तासांत सारखे भाजले जातात, एकही काळा पडत नाही. चिवड्याचे पोहे आपण उन्हात घालतोच. तेच पेटीत झाकणाची फट ठेवून घातले तर तासाभरात कुरकुरीत. रवा कोरडा भाजता येतो, नानकटाई जमते. भाकर, पोळी, फोडणी, चकली यांचं नाव काढू नये. तळणीच्या तेलाला १७०-१८० अंश लागतात, ते पेटीच्या आवाक्यात नाही.

गॅस किती वाचतो? इथं फार फुगवलेले आकडे ऐकायला मिळतात. साधा हिशेब असा: घरगुती शेगडीचा बर्नर मोठ्या ज्योतीवर तासाला सव्वाशे-दीडशे ग्रॅम गॅस खातो. डाळ-भाताला अर्धा तास धरला तर ६५-७० ग्रॅम. सेलूत पावसाळा आणि ढगाळ दिवस वगळून वर्षाचे २२० दिवस पेटी लावली, तर साधारण १५ किलो. म्हणजे वर्षाला १४.२ किलोचं एक सिलिंडर, थोडं वरच. शेंगदाणे, रताळी, पिण्याचं पाणी गरम करणं धरलं तर थोडं आणखी. काही हजारांच्या पेटीची किंमत निघायला वर्षं लागतात. ज्यांच्या अंगणात पऱ्हाटीचा ढीग आहे त्यांच्या पैशात तर काहीच वाचत नाही. वाचतो तो धूर आणि चुलीपुढचा वेळ, आणि त्याचा हिशेब घरात कोणी मांडत नाही.

रात्रीच्या जेवणाचा प्रश्न सोडवायचा तर ऊन साठवावं लागतं. विदर्भाला लागून असलेल्या बैतुल जिल्ह्यातल्या बांचा या छोट्या गावात तसं झालं आहे. आयआयटी मुंबईच्या मदतीनं तिथल्या पंचाहत्तरेक घरांच्या छपरांवर सौरपट्ट्या बसल्या, घरात बॅटरी आणि कमी विजेवर चालणारी इंडक्शन चूल. ही वाट खर्चाची आहे, आणि काही वर्षांनी बॅटरी बदलण्याचा खर्च कोण करणार हा प्रश्न उरतोच. पण बाई सावलीत बसते आणि दिवस मावळल्यावरही चूल चालते. पेटी कुकरला हे दोन्ही जमलेलं नाही.

तरीही ज्यांच्या माळ्यावर जुनी पेटी पडली आहे त्यांनी ती या दिवाळीत खाली काढावी, असं मी म्हणेन. तीन गोष्टी पाहायच्या. काचेभोवतीचं रबर कडक होऊन तडकलेलं असेल. ते दारा-खिडक्यांच्या रबरपट्टीनं बदलता येतं. आरशाचा पारा उडाला असेल तर गावातला काचवाला मापानं नवा कापून देतो. काचलोकर ओली होऊन बसली असेल तर ती काढून नवी भरावी, हातमोजे घालून, कारण ती बोटांत रुतते. बोरच्या जंगलाकडच्या गावांत वानरांचा उपद्रव आहे, तिथं झाकणाला कडी आणि पेटीखाली जड फरशी हवी. मग रिकामी पेटी अकरा ते बारा उन्हात ठेवावी, आत ओव्हनचा थर्मामीटर टाकून. काटा ११० च्या पुढे गेला तर पेटी चालू आहे. पहिल्या दिवशी शेंगदाणे भाजावेत, डाळ दुसऱ्या दिवशी लावावी.