रॅकेटच्या कंपनाची कैफियत

सुमारे 5 ग्रॅम वजनाचे, 16 पिसांचे बॅडमिंटनचे फूल आणि 100 ग्रॅमही न भरणारी रॅकेट यांची गाठ क्षणाच्या एका अत्यल्प अंशापुरतीच पडते. परंतु तेवढ्या अवधीत जी ऊर्जा फुलाच्या वाट्यास जात नाही, ती तारा, चौकट व दांडा यांच्यात वाटली जाऊन कंपनरूपाने मुठीपर्यंत पोहोचते, आणि हात झणझणल्याची खेळाडूची तक्रार तेथूनच उद्भवते.

या कंपनाचे प्रकार दोन. तारांचे कंपन द्रुत असून ते हातापेक्षा कानालाच अधिक कळते. चौकट आणि दांडा वाकून पूर्ववत होताना उठणारे मंद आंदोलन मात्र मनगट व कोपर यांना सोसावे लागते. जाळीच्या मध्याच्या आसपास या आंदोलनाचा निस्पंद बिंदू असतो. मूठ दोन बोटांत सैल धरून तळहाताने जाळीवर निरनिराळ्या ठिकाणी थापट्या मारीत गेल्यास, एका जागी बोटांना होणारी थरथर जवळजवळ नाहीशी होते, ती हीच जागा. फूल तिच्यापासून दूर, काठाशी लागले, की दांडा तर हलतोच, शिवाय चौकटीला पीळ पडतो. तारांचे गटिंग (ताणून ओवणे) 20-22 पौंडांऐवजी 28-30 पौंडांवर करून घेणाऱ्या नवशिक्याला असा चुकलेला फटका विशेष जाचतो, कारण ताठ जाळी आघात पोटात घालीत नाही. आणि जुन्या लाकडी रॅकेटीच्या मानाने हलकी व कडक असलेली कार्बनची रॅकेट तो धक्का फारसा न शोषता हाताच्या हवाली करते.

परिचित रॅकेट एकाएकी झणाणू लागली, तर मात्र दोष फटक्याचा नसून बहुधा झिजलेल्या ग्रोमेटचा, म्हणजे चौकटीच्या छिद्रात तारेभोवती बसविलेल्या नळीचा, असतो. तार त्याच्या कडेला निसटती घासली, की तंबोऱ्याच्या जवारीसारखा नाद निघतो. एकेक ग्रोमेट बोटाने दाबून पाहावे; ज्याच्यावर बोट ठेवताच नाद थांबेल, ते बदलावे. पोकळ चौकटीत राळेचा कण खुळखुळत असेल तर तो निरुपद्रवी समजावा. परंतु चौकटीस तडा गेला असेल, तर खेळ तत्काळ थांबवावा.

कंपन आवरण्यासाठी बेताच्या आकाराचे साधन रॅकेटला जोडण्यास आंतरराष्ट्रीय नियमांची मुभा आहे खरी. पण तारांत अडकविलेला रबराचा तुकडा कानाची समजूत घालतो, दांड्याच्या आंदोलनास तो फारसा हात लावीत नाही. त्याचा बंदोबस्त फटक्याची जागा, तारांचा ताण आणि ऐन आघाताखेरीज एरवी सैल राहणारी पकड यांच्याच अखत्यारीत आहे.