खाली ऊन असताना धबधब्याचं पाणी अचानक का वाढतं?

पावसाळ्यात सुट्टीच्या दिवशी तारापूर-बोईसरमधली कुटुंबं जव्हारच्या दाभोसा धबधब्याकडे निघतात. पण बोईसरला ऊन पडलंय म्हणजे धबधब्यावरही धोका नाही, असं नसतं.

समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीला अडतात, म्हणून डोंगरात पाऊस जास्त पडतो. वर पडलेलं पाणी ओढ्यांतून एकत्र येतं आणि अरुंद घळीत काही मिनिटांत पातळी वाढते. धबधब्याखाली मात्र तेव्हा पाऊस नसूही शकतो.

३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात पाणी अचानक वाढलं. प्रवाहाच्या मधोमध अडकलेल्या एकाच कुटुंबातल्या पाच जणांचा जीव गेला.

धोक्याच्या खुणा कोणत्या? नितळ पाणी गढूळ होणं, पालापाचोळा आणि काटक्या वाहून येणं, पाण्याचा आवाज वाढणं. यातलं एक जरी जाणवलं, तरी सामान आवरत बसू नका. मुलांना घेऊन लगेच काठावर, उंच जागी जा.

निघण्याआधी मोबाइलवर फक्त बोईसरचं हवामान पाहू नका. हवामान विभागाचा पालघर जिल्ह्यासाठीचा इशारा तपासा. ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल, तर बेत पुढे ढकला. धबधबा पुढच्या रविवारीही तिथेच असेल.