अठराशे सेकंदांतले पंधरा बिंदू

नवी मोटार विक्रीला येण्यापूर्वी तिच्या धुराची मुख्य परीक्षा प्रयोगशाळेत होते. चाकं रोलरवर फिरतात आणि कोणत्या सेकंदाला किती वेग हवा, हे आधीच ठरलेलं असतं. या वेगपत्रकाला ड्रायव्हिंग सायकल म्हणतात. युरोपातली जुनी सायकल, एनईडीसी, ११८० सेकंदांची होती. तिच्यात गाडी ठरावीक वेग गाठायची आणि बराच वेळ तोच धरून ठेवायची. आपली मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल तिच्यावरच बेतलेली; कमाल वेग मात्र ताशी ९० किलोमीटरवर आणलेला. २०१७ पासून युरोपात आलेली डब्ल्यूएलटीसी वेगळ्या स्वभावाची आहे. १८०० सेकंदांत सुमारे २३ किलोमीटर अंतर, ताशी १३१ पर्यंत वेग आणि जवळजवळ सतत चढउतार. जुन्या सायकलमध्ये इंजिन मोजक्या स्थितींत राहायचं. नवीमध्ये ते जवळपास प्रत्येक सेकंदाला नव्या स्थितीत असतं.

इथेच कॅलिब्रेशन करणाऱ्या अभियंत्याची अडचण सुरू होते. डिझेल इंजिनाच्या कंट्रोल युनिटमध्ये तक्ते साठवलेले असतात. इंजिनाचे मिनिटाला इतके फेरे आणि टॉर्क इतका असेल, तर इंधन केव्हा फवारायचं, किती दाबाने, सिलिंडरमध्ये किती धूर परत फिरवायचा, टर्बोने हवा किती दाबायची, हे त्या तक्त्यांत लिहिलेलं असतं. हे आकडे ठरवणं म्हणजे कॅलिब्रेशन. एखादी स्थिती जवळून पाहू. टेस्ट बेडवर, म्हणजे नुसतं इंजिन चालवून मोजमाप घेण्याच्या मंचावर, इंजिन १५०० फेऱ्यांवर, मध्यम भारावर चालू आहे. धूर थोडा जास्त परत फिरवला की ज्वलनाचं तापमान उतरतं आणि नायट्रोजनची ऑक्साइडं घटतात, पण काजळी वाढते. फवारणी अलीकडे आणली की काजळी कमी होते आणि ऑक्साइडं पुन्हा चढतात. प्रत्येक बदलानंतर तापमान स्थिरावेपर्यंत थांबावं लागतं, मगच मोजमाप खरं. अशा पाच गोष्टींच्या प्रत्येकी पाच पायऱ्या धरल्या, तर एकाच स्थितीसाठी ३,१२५ जुळण्या होतात. १८०० सेकंदांच्या १८०० स्थिती आणि एका मोजमापाला तीन मिनिटं धरली, तर अखंड चाचणीला ३२ वर्षं लागतील. एवढा वेळ कोणाकडेच नाही. काटछाट अटळ आहे. वाद फक्त ती कशी करायची, याचा.

क्लस्टरिंग हे त्या काटछाटीचं साधन. फेरे आणि टॉर्क यांच्या आलेखावर १८०० ठिपके मांडायचे आणि जवळजवळच्या ठिपक्यांचे गट पाडायचे. सर्वांत रुळलेली रीत ‘के-मीन्स’. स्टुअर्ट लॉइड यांनी ती १९५७ मध्ये बेल लॅब्जमध्ये मांडली. प्रसिद्ध झाली १९८२ मध्ये. समजा पंधरा गट हवेत. पंधरा केंद्रं टाका, प्रत्येक ठिपका जवळच्या केंद्राला जोडा, प्रत्येक गटाची सरासरी काढून केंद्र तिथे हलवा, आणि केंद्रं हलायची थांबेपर्यंत हेच करत राहा. उरलेल्या पंधरा बिंदूंवर टेस्ट बेडचं काम होतं. गटात जितके सेकंद, तितकं त्या बिंदूचं वजन.

माझा आक्षेप या शेवटच्या वाक्याला आहे. शितावरून भाताची परीक्षा करता येते, कारण शितं सारखी शिजलेली असतात. सायकलचे सेकंद तसे नसतात. सिग्नलवर उभ्या गाडीचा गट मोठा असतो, पण त्यातून निघणारी ऑक्साइडं थोडी. जोरात वेग घेतानाचे सेकंद मोजके आणि त्यांचा धूर भारी. वेळेचं वजन लावलं, तर निरुपद्रवी सेकंदांना जास्त मतं मिळतात. म्हणून वजन इंधनावरून, त्याहून बरं म्हणजे प्रदूषकांच्या मात्रेवरून ठरवावं. दुसरी काळजी केंद्राची. सरासरीचा बिंदू कधीकधी अशा जागी पडतो जिथे इंजिन प्रत्यक्षात जवळपास जातच नाही. तेव्हा गटातलाच एखादा खरा ठिपका प्रतिनिधी निवडणं शहाणपणाचं.

यावर कोणी म्हणेल, स्थिर बिंदूंच्या बेरजेत बदलाचा क्षण येतच नाही. हे खरं आहे. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर टर्बोला वेग घ्यायला वेळ लागतो, तेवढ्यात हवा अपुरी पडते आणि काजळी उसळते. थंड इंजिन सुरू करतानाही तसंच: कॅटॅलिस्ट साधारण अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअसला पोचेपर्यंत नीट काम करत नाही. पंधरा बिंदूंत हे दोन्ही मावत नाहीत. पण म्हणून पद्धत टाकाऊ ठरत नाही. ती पाया घालते. त्यावर थंड सुरुवातीचं आणि बदलाच्या क्षणांचं काम वेगळं करावं लागतं आणि शेवटी पूर्ण १८०० सेकंद चालवून पडताळावं लागतं. पडताळणी टाळली, तरच हे सुलभीकरण फसवं होतं.

याहून गंभीर प्रश्न सायकलच्याच निवडीचा आहे. ठरलेल्या सायकलवरून बिंदू काढले, तर इंजिन तेवढ्यापुरतंच सज्जन होण्याचा धोका राहतो. २०१५ मध्ये उघडकीला आलेल्या फोक्सवॅगन प्रकरणात तर चाचणी ओळखून वागणूक बदलणारं सॉफ्टवेअरच गाडीत होतं. तो उघड अप्रामाणिकपणा. पण प्रामाणिक अभियंताही फक्त रोलरवरचेच ठिपके पाहत राहिला, तर रस्त्यावर धूर वाढू शकतो. भारतात एप्रिल २०२३ पासून बीएस-६ च्या दुसऱ्या टप्प्यात गाडीवर उपकरण बसवून प्रत्यक्ष रस्त्यावरची चाचणी आली, ती याचसाठी. रोलरवरच्या सायकलला चढ नसतो. पाच माणसं आणि सामान घेऊन कसारा घाट चढणाऱ्या गाडीचं इंजिन ज्या कमी वेगाच्या, भरपूर टॉर्कच्या कोपऱ्यात बराच वेळ राबतं, तिथे डब्ल्यूएलटीसीचे ठिपके विरळ असतात. गट पाडण्याआधीच रस्त्यावरच्या नोंदी त्या आलेखात मिसळल्या, तर घाटाचा स्वतंत्र गट तयार होईल आणि त्याच्यासाठी एक बिंदू राखावा लागेल. पंधराचे सोळा झाले, तरी टेस्ट बेडवरचं जादा काम पंधराव्या हिश्श्याएवढंच.