पेंग्विनच्या दाराला कुलूप

"अँटिव्हायरस टाकून देऊ ना?" दुरुस्त केलेला संगणक हातात देताना पुण्यातला दुकानदार हमखास विचारतो. विंडोजऐवजी लिनक्स, म्हणजे पेंग्विनचं बोधचिन्ह असलेली प्रणाली, वापरणारं गिऱ्हाईक त्यावर नुसतं हसतं. आमच्याकडे ती भानगडच नाही, असं ते हसू. मीही कित्येक वर्षं तसाच हसत आलो.

हसण्याला आधार होता. या शहराला विषाणू भेटले ते डॉस आणि विंडोजवर. कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेले कैलास काटकर आणि मॉडर्न कॉलेजात शिकलेले त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी नव्वदच्या दशकात क्विक हील उभं केलं, ते फ्लॉपीतून हिंडणाऱ्या विषाणूंवर उतारा म्हणून. लिनक्सची घडण निराळी. सॉफ्टवेअर बहुधा वितरकाच्या सही-शिक्क्याच्या कोठारातून येतं, उतरवलेली फाइल आपोआप चालत नाही, आणि मूळ प्रणालीला हात लावायचा तर पासवर्ड द्यावा लागतो. शिवाय वापरणारे थोडे. रस्त्यावरचा भुरटा चोर आडगल्लीत कशाला शिरेल?

पण पत्ता लिहून घेऊन आलेल्या चोराचं काय?

११ ऑगस्ट २०१८, शनिवार. गणेशखिंड रस्त्यावर मुख्यालय असलेल्या कॉसमॉस बँकेचे दोन-सव्वादोन तासांत २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. सोमवारी आणखी १३.९२ कोटी रुपये 'स्विफ्ट' या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेमार्गे हाँगकाँगला गेले. एकूण फटका ९४.४२ कोटींचा. यातली मेख समजून घेण्यासारखी आहे. एटीएममध्ये कार्ड घातलं की विचारणा बँकेच्या 'स्विच'कडे जाते, तो मूळ बँकिंग प्रणालीला विचारतो, मग होकार-नकार येतो. इथे मधे खोटा स्विच बसवला गेला आणि तो मूळ प्रणालीला न विचारताच होकार देत राहिला. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०१९ च्या अहवालात या चोरीचा माग उत्तर कोरियापर्यंत नेला. त्याआधी, ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकी सरकारने उत्तर कोरियाच्याच 'फास्टकॅश' नावाच्या अशाच युक्तीबद्दल इशारा दिला होता. आशिया-आफ्रिकेतल्या ज्या बँकांचे स्विच तिने पोखरले, ते आयबीएमच्या एआयएक्सवर चालत होते. घरोघरी कुणी ऐकलंही नसेल अशी ही युनिक्स कुळातली, म्हणजे लिनक्सच्या भाऊबंदांतली प्रणाली. आणि त्या सगळ्या आवृत्त्या अशा होत्या की कंपनीने त्यांना दुरुस्त्या देणं थांबवलं होतं.

हे शेवटचं वाक्य मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. 'याला कुठे काय होतंय' म्हणून विरळ प्रणालीकडे कुणी बघत नाही, आणि ती जागच्या जागी म्हातारी होते.

डेस्कटॉपवरचं उदाहरण तर आपल्या दाराशीच आहे. सी-डॅकचं मुख्यालय पुण्यात. त्याच संस्थेच्या चेन्नईतल्या चमूने डेबियन या लिनक्सच्या प्रकारावरून बेतलेलं 'बॉस लिनक्स' सरकारी कचेऱ्यांत वापरलं जातं. जून २०२४ मध्ये व्होलेक्सिटी या कंपनीने 'डिस्गोमोजी' उघड केलं. खास बॉसवाल्यांसाठी शिजवलेलं हे हेरगिरीचं हत्यार, पाकिस्तानातल्या गटाचं असावं असा कयास. संरक्षण अधिकाऱ्यांच्या भविष्य निर्वाह निधीचा कागद समोर उघडायचा आणि मागे हेर कामाला लागायचा. त्याला हुकूम जात डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवरून, तेही इमोजींतून. कॅमेरा धाडला की पडद्याचा फोटो, कोल्हा धाडला की फायरफॉक्समधली सगळी माहिती बांधून तयार. (कल्पकतेला दाद द्यावी की कपाळाला हात लावावा, कळेना.) सर्वाधिकार मिळवायला त्यांनी वापरलेली 'डर्टी पाइप' ही फट २०२२ मध्येच जाहीर झाली होती आणि तिच्यावर ठिगळही निघालं होतं. लावलं नसेल तर उपयोग काय! क्विक हीलच्याच सेक्राइट प्रयोगशाळेने २०२३ मध्ये भारतीय सरकारी यंत्रणांवर सोडलेल्या अशाच एका लिनक्स हेराची चिरफाड केली होती.

मग घरच्या उबुंटूवर, म्हणजे घरगुती वापरातल्या लिनक्सवर, अँटिव्हायरस हवा का? माझं उत्तर अजूनही 'नको' असंच आहे. हसणं मात्र थांबलंय. अँटिव्हायरसचं बळ मुख्यतः ओळखीच्या चोरांच्या फोटोंवर, आणि एखाद्यासाठी मुद्दाम घडवलेल्या चोराचा फोटो कुठेच नसतो. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या साध्या फाइल-दाबणी सॉफ्टवेअरमध्ये चोरदरवाजा सापडला तो अँटिव्हायरसला नव्हे, तर आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, हे त्याला खटकलं म्हणून. तो नोकरीला मायक्रोसॉफ्टमध्ये, ही त्यातली गंमत. त्यामुळे माझा भर अपडेटवर आणि सॉफ्टवेअर फक्त अधिकृत कोठारातून घेण्यावर. जुलै २०२५ मध्ये आर्च लिनक्सच्या वापरकर्त्यांनी भरायच्या कोठारात ब्राउझरच्या नावाखाली हेर घुसवले होते, तेव्हा कोठारही कुणाचं, ते पाहावं लागतं.

एक अपवाद मी करतो. झेरॉक्सच्या दुकानातून आलेला पेनड्राइव्ह क्लॅमएव्ही या अँटिव्हायरसने तपासतो. त्यात सापडतात ते बहुतेक विंडोजचे विषाणू. माझ्या डेबियनला त्यांचा उपद्रव शून्य. पण तोच पेनड्राइव्ह संध्याकाळी सोसायटीच्या सेक्रेटरींच्या संगणकाला लागणार असतो.